खरवडलेला ओढा

ब्लेड कापडातून आरपार गेलं. झालं ते एवढंच. ऑफिसात रोज कुणाच्या ना कुणाच्या हातून शाई सांडते, चहा सांडतो, त्याचं कुणी फार मनावर घेत नाही. पण हे झालं होतं ज्योतीरामच्या हातून. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेला नकाशा पारदर्शक कापडावर काळ्या शाईनं उतरवायचा, हे ट्रेसरचं काम, आणि त्या कामात ज्योतीरामचा हात म्हणजे सोळा आणे हात. कापडावरची शाई रबरानं जात नाही. दाढीचं अर्धं ब्लेड बोटांत धरायचं, श्वास रोखायचा आणि रेघ हलकेच खरवडायची. शाईची भुकटी सुटते, ती फुंकरीनं उडवायची, मग खडूची पूड चोळून जागा गुळगुळीत करायची. नव्या पोरांना वाटतं, जोर लावला की काम लवकर उरकतं. ‘कापड आहे रे बाबा, भिंत नाही,’ असं ज्योतीराम त्यांना पंधरा वर्षं सांगत आला होता. आणि आज, सत्तावन्न सालच्या मार्च महिन्यात, भर सकाळी, खिडकीतून टेबलावर लख्ख ऊन पडलेलं असताना, त्याच्याच हातानं कापडाला भोक पाडलं. मुगाच्या डाळीएवढं. ओढ्याच्या वळणावर. त्यानं ब्लेड खाली ठेवलं. भोकातून खालचं लाकूड दिसत होतं. त्याच्याकडं तो बघत बसला, आणि मनात आलं ते इतकंच, की आज डब्यात भाजी कसली असेल.

काम तसं काही अवघड नव्हतं. मुंबई रस्त्याच्या कडेला भाड्याच्या बंगल्यात त्यांचं ऑफिस, आणि गेले सहा महिने तिथं एकच विषय: कचऱ्याचा डेपो वाढवायचा. दापोडीपासून पार देहूरोडपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने उठायला लागले होते, वसाहती होत होत्या, चाळी होत होत्या, आणि माणूस आला की मागोमाग त्याचा केर आलाच. डेपो होता चार एकरांचा, तो व्हायचा होता सोळा. मध्ये आडवा येत होता ओढा. मग ठरलं, ओढा हलवायचा. आता ओढा म्हणजे काय म्हैस आहे, इकडचं दावं सोडलं आणि तिकडच्या खुंट्याला बांधलं? पण कागदावर ते तसंच असतं. साहेबांनी पूर्वेला एक सरळ रेघ मारली, मजूर लागले, पाट खणून झाला, आणि शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी जुन्या ओढ्याच्या तोंडाशी मातीचा बांध घालून पाणी नव्या पाटात सोडलं. नकाशावर मात्र अजून दोन्ही होते, जुना वाकडातिकडा आणि नवा फूटपट्टीनं मारलेला. काल साहेब म्हणाले, “ज्योतीराम, हे काही बरं दिसत नाही. एका ठिकाणी दोन दोन ओढे कशाला? जुना काढून टाका.” म्हणून तो सकाळपासून वरच्या अंगानं खरवडत खाली येत होता. म्हशी डुंबायच्या तो डोह गेला. पायवाटेचा उतार गेला. बायकांचे धुण्याचे दगड त्यानं स्वतःच ऑक्टोबरात तीन ठिपक्यांनी दाखवले होते, तेही गेले. लहानपणी ह्याच पाण्यात तो पोहायला शिकला, ह्याच पाण्यात एकदा बुडता बुडता वाचला. ते सगळं भुकटी होऊन कापडावर पडलं, त्यानं फुंकर मारली, आणि त्याला काही म्हणता काही वाटलं नाही. मग वळण आलं.

“भोक पडलं व्हय?” कुणीतरी मागून म्हणालं. बरकत होता. मोजणीला साखळी ओढायचं काम बरकतचं. ज्योतीरामच्याच गावचा, त्याच्याच आळीतला, दोघांच्या घरांत एक भिंत. रहिमाबी सुईण ती ह्याचीच आई. बरकतनं वाकून बघितलं. भोक कुठं पडलंय ते त्याच्या ध्यानात आलं, आणि तो एकदम सरळ उभा राहिला. “चहा आणू का राव?” त्यानं विचारलं. ज्योतीराम म्हणाला, “आण.” बरकत गेला नाही. टेबलाच्या कडेवरचा खडू त्यानं उगाच उचलला आणि परत ठेवला. त्या दिवशीही तो असाच हातात काहीतरी धरून उभा होता, साखळीचं टोक. दसरा होऊन आठवडा झालेला. साहेब, ज्योतीराम आणि बरकत ओढ्याच्या काठानं चाललेले. पाहणीचा तक्ता ज्योतीरामच्या हातात होता, कारण अक्षर त्याचं मोत्यासारखं. कलम सात: हद्दीत स्मशान, कबरस्तान, देवस्थान असल्यास नमूद करावे. साहेबांनी विचारलं, “ह्या बाजूला काही आहे का रे?” बरकत लगेच बोलला, “हाय की साहेब. आमचं कबरस्तान हाय, त्या बाभळींच्या पल्याड. माझा बा तितंच हाय.” साहेब थांबले. भला माणूस. त्यांनी पेन्सिल काढली, डेपोची हद्द बाभळींच्या अलीकडून वळवून घेतली आणि म्हणाले, “झालं, सुटलं. तुमचं स्मशान कुठं, ज्योतीराम?” ज्योतीराम म्हणाला, “ते नदीला, साहेब. पवनेच्या काठी.” आणि ते खरंच होतं. “मग ह्या हद्दीत आणखी काही?” तेव्हा बरकतनं त्याच्याकडं बघितलं होतं. नुसतं बघितलं. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट, ती आपण कशी बोलायची? ज्योतीरामला ते बघणं दिसलं, पण ते कशाबद्दल आहे ते त्याच्या डोक्यात शिरलं नाही. त्यानं कलम सातपुढं कबरस्तान लिहिलं, खाली आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, ‘याखेरीज निरंक’, आणि तिघं पुढं गेले.

विसरला होता असं म्हणावं, तर विसरायची का गोष्ट आहे ती? आणि आठवत होतं म्हणावं, तर मग हात कसा चालला? हेच कोडं ज्योतीराम गेले पंधरा दिवस घेऊन हिंडत होता. गावात त्या जागेला नावच नव्हतं. मोठं माणूस गेलं की जाळायचं ते नदीला. दात न आलेलं मूल गेलं तर त्याला जाळत नाहीत, पुरतात, आणि ते पुरायचं ओढ्याच्या वळणाला, वरच्या काठावर. ना दगड, ना दिवा, ना वर्षश्राद्ध. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर बाभळीच्या फांद्या टाकायच्या, की झालं. कुणी विचारलं तर म्हणायचं, ‘तिकडं नेलं.’ गावातल्या कुठल्याही बाईला विचारा, तिकडं म्हणजे काय ते तिला बरोबर कळतं. पण तिकडं म्हणजे स्मशान नव्हे, देवस्थान नव्हे. कलम सातमध्ये बसेल असं ते काहीच नव्हतं. ‘आहे का’ म्हणून साहेबांनी विचारलं आणि ज्योतीरामनं, गावच्या माणसानं, गावच्या रीतीनं चोख उत्तर दिलं होतं. ह्या उत्तरात खोट काढून दाखवा, असं तो मनातल्या मनात कुणालातरी सांगत असे. मग त्याच्या लक्षात येई की समोर सोजरा उभी आहे.

सोजरा म्हणजे त्याची बायको. फार बोलणारी नव्हे. ओढ्याचं पाणी वळवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती धुण्याचं घमेलं तसंच कोरडं घेऊन परत आली होती. “पानी न्हाई,” एवढंच म्हणाली. मग घमेलं खाली ठेवून, भिंतीकडं तोंड करूनच तिनं विचारलं होतं, “ते तिकडलं भरून टाकणार म्हंत्यात. खरं हाय का?” तो म्हणाला, “डेपो वाढतोय.” “कवा?” “पाडव्याच्या आत सुरू होईल.” सोजरानं कोरडं घमेलं उपडं घातलं. त्या दोघांच्या लग्नाला तेरा वर्षं झाली होती; एवढ्या वर्षांत तिनं त्याच्याकडं लुगडं मागितलं नव्हतं, की जत्रेला न्या म्हटलं नव्हतं. ती म्हणाली, “मला येकदा जागा दावा. भरायच्या आदी. मी बघितली न्हाई.” त्यानं हो म्हटलं. रविवारी जाऊ म्हटलं. तो रविवार गेला, डोकं दुखतंय म्हणून. दुसरा गेला, ऑफिसचं काम घरी आणलंय म्हणून. तिनं पुन्हा विचारलं नाही. आज शुक्रवार, आणि सोमवारपासून ट्रक नव्या हद्दीत यायचे होते. तिला जागा दाखवायची म्हणजे तिथं उभं राहायचं, आणि तिथं उभं राहून तोंड उघडलं की बाहेर काय पडेल त्याचा नेम नव्हता. आणि मुख्य म्हणजे, खरं सांगायचं तर, जागा त्यालाही नक्की ठाऊक नव्हती.

सत्तेचाळीसचा माघ होता. थंडी अशी की पहाटे हांड्यातलं पाणी बोटाला चावायचं. मुलगी झाली तेव्हा रहिमाबी बाहेर येऊन म्हणाली होती, “लक्षुमी आली रं बाबा, तोंड गोड कर.” त्याची आई गोजाबाई, तिनं जरासं नाक मुरडलं, पण गूळ वाटला. सहाव्या दिवशी पाटा-वरवंट्याची पूजा मांडली. त्या रात्री सटवाई येते आणि मुलाच्या कपाळी लिहून जाते म्हणतात. तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. घरोघर आपला वहीचा कागद ठेवतात, पण ज्योतीरामला हौस! त्यानं ऑफिसातून ट्रेसिंगच्या कापडाचा चांगला तुकडा आणला, आपली नवी टाकाची काडी ठेवली, शाईची दौत ठेवली. आई हसली होती, “अरं, ती काय नकाशा काढनार हाय व्हय?” सकाळी तुकडा कोराच असायचा तसा कोरा होता. नवव्या दिवशी पोरीनं दूध ओढायचं बंद केलं. दुपारपर्यंत अंग निळसर झालं, आणि दिवेलागणीच्या आधी ती गेली. बाराव्याला बारसं व्हायचं, म्हणून नावही नव्हतं. सोजरा बाळंतिणीच्या बाजेवर होती. तिनं बाहेर यायचं नाही, आणि पुरायला बायकांनी तर जायचंच नाही. चुलता बबनराव पोरीला धडप्यात गुंडाळून पुढं चालला, ज्योतीराम कुदळ घेऊन मागं. खड्डा चुलत्यानंच खणला. “तू बाप हायेस, तू बगू नगंस,” असं म्हणून त्यानं ज्योतीरामला पाठ करून उभं केलं. मग मुठीनं माती टाकायला तेवढं वळवलं, डोळे मीट म्हणाला, त्यानं मिटले. फांद्या ओढल्याचा आवाज आला. मग चुलत्यानं पाठीवर हात ठेवला. “आता सरळ घराकडं चालायचं. मागं वळून बगायचं न्हाई. मागं बगितलं की जीव घुटमाळतो.” ज्योतीराम चालू लागला. पाठीमागे काय आहे ते मनात येऊ नये म्हणून तो पावलं मोजत होता. समोर रेल्वेचा सिग्नल होता, आणि सिग्नलच्या मागं घोरवडीचा डोंगर. डोंगराच्या माथ्यावरच्या खाचेत सिग्नलचा खांब अगदी बरोबर उभा होता. रेल्वेखालच्या मोरीशी पोचला तेव्हा एकशे बारा पावलं झाली होती. त्यानं मागं बघितलं नाही. घरी येऊन कडुलिंबाचं पान चावलं. आत रहिमाबी सोजराच्या छातीला फडकं आवळून बांधत होती, कारण दूध थांबत नव्हतं. सोजरानं त्याच्याकडं बघितलं आणि त्यानं मान हलवली. तेवढंच काय ते त्या विषयावरचं त्यांचं बोलणं. पुढं मूल झालं नाही. चुलता बावन्न साली गेला, आई त्यानंतर दोन वर्षांनी. आता त्या जागेचा साक्षीदार असा एकटा ज्योतीराम, आणि त्यानं जागा बघितलेलीच नव्हती.

जेवणाच्या सुट्टीनंतर तो कापडाची गुंडाळी घेऊन साहेबांच्या खोलीत गेला. आपण काय बोलणार आहोत ते त्याला खोलीत जाईपर्यंत माहीत नव्हतं. साहेबांनी भोक बघितलं आणि हसले. “तुमच्या हातून? मग आता सूर्य पश्चिमेला उगवणार बघा.” ज्योतीराम म्हणाला, “साहेब, तक्त्यात एक राहिलंय. कलम सात.” साहेबांनी मान वर केली. “वळणाच्या वरच्या अंगाला गावची मुलं आहेत. पुरलेली. पहिल्यापासून तिथंच पुरतात.” हे तो अशा आवाजात बोलला की जणू विहीर दाखवायची राहून गेली. साहेबांनी चष्मा काढला. मग म्हणाले, “आणि निरंक कुणी लिहिलं? तुम्हीच ना?” “मीच.” “अहो, मग त्याच दिवशी बोलायचंत की! बरकतनं एक शब्द टाकला आणि रेघ वाकवली ना मी? तुमच्यासाठी नसती वाकवली? आपण अख्खा ओढा हलवतोय, ज्योतीराम, मला तिथं पन्नास फुटांचं काय मोठं होतं?” साहेब रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. ते कळवळून बोलत होते, आणि ज्योतीरामला ते कळत होतं, लांबच्या खोलीत कुणी रडत असलं म्हणजे कळतं तेवढंच. “आता?” त्यानं विचारलं. साहेब म्हणाले, “आता पाणी गेलं, मंजुरी आली, बांध घातला. आता माझ्याही हातात नाही.” मग हळू आवाजात, “तुमचं कुणी आहे का त्यात?” “मुलगी,” ज्योतीराम म्हणाला. साहेबांनी चष्मा परत घातला. “तुम्ही उद्या रजा घ्या हवी तर.” “नको साहेब,” ज्योतीराम म्हणाला, “भोक बुजवायचंय.” आणि शनिवारी त्यानं ते बुजवलं. कापडाचा तुकडा कापला, मागच्या बाजूनं डिंकानं चिकटवला, वरून पूड चोळली. उरलेला ओढा पुलापर्यंत खरवडून टाकला. हात आता जराही चुकला नाही. संध्याकाळी बरकत नकाशा उजेडाकडं धरून म्हणाला, “कुटं व्हतं ते कळतबी न्हाई.” बोलला आणि जीभ चावली त्यानं.

रविवारी सकाळी भाकरी खाऊन झाल्यावर ज्योतीराम म्हणाला, “चल.” सोजरानं कुठं म्हणून विचारलं नाही. पदर खोचला, चपला घातल्या आणि निघाली. मोरीखालून दोघं पलीकडं आले. पलीकडचं सगळं ओळखू न येण्यासारखं झालेलं. ओढ्याच्या जागी भेगा पडलेला चिखल, त्यात शिंपले आणि एक फुटका माठ; डावीकडं डेपोचा धूर, आणि वास असा की सोजरानं नाकाला पदर लावला. वळणावरची करंजाची झाडं तोडून नेलेली होती, आणि झाडं गेली तसं वळणही गेलं होतं. काठ कुठला आणि मुरमाचा नवा ढीग कुठला, काही कळायला मार्ग नाही. “कुटं?” सोजरा म्हणाली. ज्योतीराम मोरीच्या तोंडाशी उभा राहिला. नकाशे काढण्यात जन्म गेला त्याचा, आणि ह्या जागेचा म्हणून त्याच्यापाशी एकच नकाशा होता, तो म्हणजे पाठ फिरवून निघालेल्या माणसाच्या डोळ्यांतला. त्यानं वळून मोरीकडं तोंड केलं. सिग्नल जागच्या जागी होता. डोंगर होता. दोन पावलं डावीकडं सरकला तशी खांब बरोबर खाचेत बसला. “काय करताय?” सोजरानं विचारलं. तो म्हणाला, “मला येताना तेवढं माहीत आहे. म्हणून उलटं जायचं.” आणि नजर खांबावरून न काढता त्यानं एक पाऊल मागं टाकलं. एक. मग दुसरं. चाळिशीला टेकलेला माणूस, डोक्यावर टोपी, अंगात ऑफिसचा कोट, आणि चाललाय आपला उलट्या पावलांनी! दुसऱ्या कुणी बघितलं असतं तर वेडा म्हणालं असतं. सोजरानं बघितलं, आणि तिला कळलं. तिनं येऊन त्याचं कोपर धरलं. ती सरळ चालत होती आणि तो उलटा. “दगड हाय. जरा उजवीकडं.” सत्तावीस, अठ्ठावीस. “आता खड्डा हाय, पाय उचला.” तिचा हात कोपराला घट्ट होता. बासष्ट. आपलं पाऊल तेव्हा तरण्या माणसाचं होतं, लांब पडत असेल, हे त्याला आठवलं आणि तो पाऊल ताणून टाकू लागला. खांब खाचेतून हलला की तो थांबायचा, सरकायचा, पुन्हा मोजायचा. एकशे नऊ, एकशे दहा. एकशे बाराला तो उभा राहिला. “इथं,” तो म्हणाला. त्यानं मागं बघितलं नव्हतं. सोजरानं कोपर सोडलं.

मागून ती खाली बसल्याची चाहूल लागली. मग ती म्हणाली, “ही तर निरगुडी हाय.” तो वळला. निरगुडीचं एक झुडूप होतं, कंबरेएवढं, मुरमाच्या धुळीनं पांढरं झालेलं. सोजरा त्याच्या बुडाशी बसली होती. “हिच्यावर मी धुणं वाळत घालायची,” ती म्हणाली. “खालच्या दगडावर धुवायची आन् वर यून हितं घालायची. ऊन चांगलं लागायचं. तुमचे सदरे, माजी लुगडी. दहा वर्सं.” तिनं बुडाशी हात ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. “हितं बसून मी वाट बघायची, कापडं वाळंस्तवर. कवाकवा डोळा लागायचा.” ज्योतीराम उभा होता. ती रडेल असं त्याला वाटलं, पण ती रडत नव्हती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला त्याच्यापाशी शब्द नव्हता. मग त्याचं तोंड उघडलं. “ते मीच लिहिलं,” तो म्हणाला. “ह्या जागेत काही नाही असं. साहेबांनी विचारलं होतं. बरकतनं त्यांचं कबरस्तान सांगितलं तर साहेबांनी हद्द वळवली. आपलीही वळवली असती. मी निरंक लिहिलं. काही नाही असं लिहिलं.” सोजरानं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. दहा वर्षांपूर्वी बाजेवरून बघितलं होतं तसंच, आणि आता नुसती मान हलवून भागणार नव्हतं. “का?” “मला आठवलंच नाही.” हे बोलताना त्याची मान खाली गेली. ती म्हणाली, “मला इचारायचं व्हतं. घरात मी व्हते की. मला इचारायचं, मी सांगितलं असतं, हाय म्हून.” तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. “तुमी आपल्या अक्षराचं घेऊन बसलात! मी नवू दिस पाजलंय तिला. मला इचारायचं व्हतं!” आणि निरगुडीची एक फांदी मुठीत धरून ती तशीच बसून राहिली. ज्योतीरामला वाटलं, तिनं आपल्याला मारावं. त्याला खरोखरच तसं वाटलं. पण ती काही उठली नाही, आणि तोही जागचा हलला नाही.

धुराच्या बाजूनं ट्रकचा हॉर्न वाजला. सोमवारचं काम कुणीतरी रविवारीच उरकायला घेतलं होतं, मुकादम हातवारे करून ओरडत होता, “ओ पाव्हणं, बाजूला व्हा, गाडी मागं यायलीय!” सोजरा उठली. तिनं पदराला हात पुसले. फांदी तोडली नाही, माती घेतली नाही, काहीच घेतलं नाही. “चला,” म्हणाली. दोघं मोरीकडं चालू लागले. समोर सिग्नल, सिग्नलच्या मागं डोंगर. ज्योतीरामची नजर आपसूक खांबावर गेली आणि पाय मोजायला लागले, एक, दोन, तीन. मान ताठ झाली. पाठीमागं ट्रकचं इंजिन घुरघुरत होतं. वीस. तीस. सोजरा एकदम थांबली आणि तिनं त्याचा हात धरला.

“ह्या खेपेला मागं बगा,” ती म्हणाली.

त्याला ते जमेना. मान वळेचना, चुलत्याचा हात अजून पाठीवर असल्यासारखी. “जीव घुटमाळतो म्हणतात,” तो म्हणाला.

“घुटमाळू द्या. बगा.”

मग ज्योतीराम वळला. ऊन चांगलं वर आलेलं. निरगुडी तिथं होती, एकटी, आणि तिच्या दिशेनं ट्रक मागं मागं येत होता. तो झुडपाच्या अलीकडं थांबला, दोघं जण वर चढले, मागची फळी खाली आपटली, आणि फावड्यांनी राख, चिंध्या, भाज्यांचे देठ, ओला केर, सगळं खाली येऊ लागलं. आधी बुंधा गेला. मग पानं वाकली. वरची एक फांदी बराच वेळ बाहेर होती. ज्योतीरामनं डोळे मिटले नाहीत. त्याच्या तोंडून काहीतरी आवाज निघाला, आणि तो आपलाच आहे हे कळायला त्याला वेळ लागला. तो तिथंच मुरमावर बसला, ऑफिसच्या कोटासकट, आणि मोठमोठ्यानं रडू लागला. ट्रकवरची माणसं हात थांबवून बघायला लागली. सोजरा त्याच्याशेजारी उभी होती. तिनं त्याला उठ म्हटलं नाही, गप म्हटलं नाही. फांदी दिसेनाशी झाली तेव्हा तिनं विचारलं,

“दिसलं?”

“दिसलं,” तो म्हणाला.